नेम चुकवणाऱ्या तोफा

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात ब्रिटिश आरमारापुढे वरवर साधा दिसणारा एक प्रश्न आला. भूमध्य समुद्रातून माल नेणाऱ्या व्यापारी जहाजांवर बराच खर्च करून विमानविरोधी तोफा बसवल्या होत्या. तोफा कमी, त्या चालवणारी शिकलेली माणसं त्याहून कमी, आणि मागणी चहूकडून. या तोफांनी आजवर विमानं पाडली तरी किती, हे एकदा बघावं म्हणून आकडे गोळा झाले. हल्ला करणाऱ्या शंभर विमानांमागे पडली होती जेमतेम चार. एवढ्यासाठी हा पसारा कशाला, तोफा उतरवून दुसरीकडे द्याव्यात, असं कुणालाही वाटलं असतं.

आकडे तपासणाऱ्या संशोधकांनी मात्र वेगळं विचारलं. तोफ बसवली होती ती विमान पाडायला की जहाज वाचवायला? मग त्यांनी जहाजांची मोजदाद केली. कमी उंचीवरून उडत येणाऱ्या विमानांनी ज्यांच्यावर हल्ला केला आणि ज्यांनी उलट गोळीबार केला अशी जहाजं 155; त्यातली 16 बुडाली. ज्यांच्या तोफा गप्प राहिल्या अशी 71. त्यातली 18 बुडाली. म्हणजे एकीकडे दहा टक्के, दुसरीकडे पंचवीस. गोळीबार होत असताना टाकलेल्या बॉम्बपैकी आठ टक्के लागले, नसताना तेरा टक्के. वैमानिकाला गोळा लागला नव्हता, पण समोरून येणारा जाळ बघून त्याचा हात हलला होता. तोफा जहाजांवरच राहिल्या.

या जहाजांच्या पोटात आपली माणसं होती. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर डेकवरचे खलाशी रत्नागिरीकडचे आणि काठेवाडचे, भटारखान्यात आणि सलूनमध्ये गोव्याचे, ही वाटणी युद्धाच्या कितीतरी आधीपासून ठरून गेलेली होती. भूमध्य समुद्रातला तो टक्केवारीचा फरक अशा माणसांच्या जिवाचा होता, हे तक्त्यात कुठे लिहिलेलं नसतं.

समुद्रातल्या जहाजावरून विमान पाडणं इतकं अवघड का, हे आधी समजून घ्यायला हवं. विमान सेकंदाला शंभर मीटर जातंय आणि गोळ्याला त्याच्यापर्यंत पोचायला पाच सेकंद लागणार आहेत, असं धरा. म्हणजे विमान आत्ता जिथे आहे तिथे नव्हे, तर अर्धा किलोमीटर पुढे, रिकाम्या आकाशात तोफ डागायची. त्यात विमान वर-खाली होतंय, वेग बदलतंय. खाली जहाज लाटेवर डोलतंय, वळतंय. शिवाय मोठ्या तोफेचा गोळा विमानाला आपटून फुटत नसे. किती सेकंदांनी फुटायचं ते घड्याळी फ्यूज फिरवून तोफेत घालण्याआधीच ठरवावं लागे. त्यात अर्ध्या सेकंदाची चूक झाली तर गोळा विमानाच्या बराच मागे किंवा पुढे फुटणार. तोफ ओढणाऱ्याचं शौर्य इथे फारसं कामाचं नव्हतं. हे गणित होतं, आणि ते फार थोड्या सेकंदांत सोडवायचं होतं.

ब्रिटिशांनी हे गणित सोडवायला एक यंत्र केलं होतं. हाय अँगल कंट्रोल सिस्टिम असं त्याचं नाव. त्यात एक गृहीत ठासून भरलेलं होतं: विमान सरळ रेषेत, एका उंचीवर, एका वेगानं येईल. 1933 साली जिब्राल्टरजवळ फेअरी क्वीन नावाचं वैमानिकाविना उडणारं विमान रेडिओच्या इशाऱ्यांवर आरमारावरून फिरवलं गेलं. दोन तास अख्ख्या ताफ्यानं त्याच्यावर गोळीबार केला आणि विमान सुखरूप राहिलं. एवढं झाल्यावर तरी डोळे उघडायला हवे होते. पण आरमाराचं मन अजून मोठ्या तोफांच्या, एकमेकींसमोर उभ्या ठाकलेल्या युद्धनौकांच्या लढाईत होतं, आणि विमानाला कोपऱ्यातली जागा होती.

त्याची किंमत 1941 मध्ये दोनदा मोजावी लागली. मे महिन्यात क्रीट बेटाच्या लढाईत ब्रिटिश जहाजांना जर्मन विमानांनी दिवसचे दिवस झोडपलं. 22 मे रोजी 'ग्लॉस्टर' आणि 'फिजी' या दोन क्रूझर एका बुडत्या विनाशिकेच्या मदतीला पाठवल्या गेल्या. तेव्हा 'ग्लॉस्टर'कडे विमानविरोधी दारूगोळ्यापैकी उरला होता फक्त 18 टक्के, 'फिजी'कडे 30. तोफा होत्या, गोलंदाज होते, घालायला गोळे नव्हते. 'ग्लॉस्टर'वरचे सातशेहून अधिक लोक गेले. 'फिजी' शेवटी सरावाचे गोळे उडवत होती. सरावाच्या गोळ्यानं विमान पडत नाही, हे उडवणाऱ्यालाही ठाऊक होतं; पण वरच्या वैमानिकाला ते कुठे ठाऊक? व्यापारी जहाजांच्या हिशेबानं जे सांगितलं होतं, तेच 'फिजी'चे गोलंदाज अखेरच्या तासाला करत होते. संध्याकाळी तीही बुडाली.

दुसरी किंमत फार मोठी होती. 8 डिसेंबर 1941 च्या संध्याकाळी सिंगापूरहून 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या मोठ्या ब्रिटिश युद्धनौका चार विनाशिका घेऊन निघाल्या. 'रिपल्स' पहिल्या महायुद्धातली. 'प्रिन्स ऑफ वेल्स' मात्र त्या वर्षीचीच नवीकोरी. तिच्यावर सव्वापाच इंची सोळा तोफा, ज्या जहाजावरही चालत आणि विमानावरही, आणि एका बैठकीवर आठ आठ नळ्या असलेल्या पॉमपॉम तोफांच्या रांगा. जगातल्या कुठल्याही जहाजापेक्षा आपला विमानविरोधी पहारा कडक आहे, असं तिच्यावर मानलं जाई. ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल टॉम फिलिप्स यांचाही विमानाच्या ताकदीवर फारसा विश्वास नव्हता. वर आपली लढाऊ विमानं नव्हती.

10 तारखेला सकाळी अकराच्या सुमारास मलायाच्या पूर्व किनाऱ्याजवळ, क्वांतानच्या समोर, सैगॉनच्या बाजूनं आलेल्या जपानी विमानांनी त्यांना गाठलं. 11 वाजून 44 मिनिटांच्या सुमारास एक टॉर्पेडो 'प्रिन्स ऑफ वेल्स'च्या डाव्या बाजूला, मागे पंख्याच्या दांड्यापाशी लागला. फिरता दांडा वाकडा होऊन त्यानं जहाजाचं पोट आतून फाडत नेलं. जहाज साडेअकरा अंश कललं आणि मागच्या अर्ध्या भागाची वीज गेली. सव्वापाच इंची तोफा विजेवर फिरत. त्या जागच्या जागी थिजल्या. ज्यांना वीज होती त्यांना कललेल्या डेकवरून नळी पुरेशी खाली आणता येईना, आणि टॉर्पेडो घेऊन येणारी विमानं तर पाण्याला चिकटून येत होती. तोफांना नेम सांगणारं रडार उष्ण प्रदेशातल्या दमट हवेनं आधीच बिघडलेलं होतं. पॉमपॉमची काडतुसं उष्णतेत जुनी झालेली. गोळा आणि पितळी टोपण सुटं होऊन तोफ पुन्हा पुन्हा अडकायची. माणसं अडकलेली नळी मोकळी करत, चार गोळ्या उडाल्या की पुन्हा अडकत.

'रिपल्स'चे कॅप्टन विल्यम टेनंट यांनी जहाज असं काही वळवलं की एकोणीस टॉर्पेडो चुकले. पुढचे चुकले नाहीत. 12 वाजून 33 मिनिटांनी 'रिपल्स' गेली, दुपारी दीडच्या आत 'प्रिन्स ऑफ वेल्स'. दोन्ही मिळून 840 माणसं. जपानची विमानं पडली तीन. भर समुद्रात, चालत्या स्थितीत, लढायला सज्ज असलेल्या मोठ्या युद्धनौका निव्वळ विमानांनी बुडवल्याची ही पहिली वेळ. तोफा कमी पडल्या, असं या घटनेबद्दल सर्रास लिहिलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. तोफा भरपूर होत्या. वीज, रडार आणि काडतूस या तीन गोष्टींनी त्यांना आतून निकामी केलं.

चारच महिन्यांनी, एप्रिल 1942 मध्ये, हे संकट आपल्या दाराशी आलं. श्रीलंकेच्या दक्षिणेला 5 तारखेला 'डॉर्सेटशर' आणि 'कॉर्नवॉल' या क्रूझर जपानी विमानांनी सूर्याकडून सूर मारत येऊन वीसेक मिनिटांत बुडवल्या. गोलंदाजांचे डोळे उन्हानं दिपलेले. 9 तारखेला बट्टिकलोआजवळ विमानवाहू 'हर्मिस' गेली. मुंबई-कोलंबो हा सागरी रस्ता एकदम उघडा पडला. रॉयल इंडियन नेव्हीची तेव्हाची ताकद म्हणजे मोजक्या छोट्या नौका, आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या रत्नागिरी भागातून भरती झालेले खलाशी. 'जमुना' ही त्यातली एक. तिच्यावर चार इंची सहा तोफा होत्या, नळी आकाशाकडे वर करता येणाऱ्या. फेब्रुवारी 1942 मध्ये जावाच्या पडझडीत ती हवाई हल्ल्यांतून वाचली. जुलै 1943 मध्ये 'सतलज'बरोबर सिसिलीच्या किनाऱ्यावर फौजा उतरवणाऱ्या ताफ्यात ती होती.

खरी उलथापालथ झाली ती अमेरिकी आरमारात, आणि तिची सुरुवात परक्या कारखान्यांतून झाली. ऑगस्ट 1940 मध्ये त्रिनिदादजवळ 'व्हान किन्सबर्गन' या डच नौकेनं अमेरिकी अधिकाऱ्यांना स्वीडनच्या बोफोर्स कंपनीची 40 मिलिमीटरची तोफ चालवून दाखवली. बोफोर्स म्हटलं की आपल्याकडे 1987 नंतरची दलाली आठवते. पण त्या कंपनीचं जगभर नाव झालं ते या तोफेनं. जवळजवळ किलोभराचा गोळा, मिनिटाला नळीमागे सव्वाशेच्या आसपास वेग, आणि चार चार गोळ्यांची पट्टी वरून हातानं भरायची. अमेरिकेनं हक्क घेतले, आणि नकाशे हातात आल्यावर अभियंत्यांनी कपाळाला हात लावला. मापं मेट्रिक, आणि काही भागांवर चक्क लिहिलेलं: जोडताना कानस मारून बसवा. स्वीडनच्या कारागिराला ते चालत होतं. दिवसाला शेकड्यांनी मोटारी काढणाऱ्या क्रायस्लरला ते कसं चालावं? त्यांनी सगळे नकाशे इंचांत नव्यानं काढले, प्रत्येक भाग कुठल्याही तोफेत बसेल असा केला, आणि युद्ध संपेपर्यंत हजारोंनी तोफा बाहेर पडल्या.

दुसरी तोफ स्वित्झर्लंडची ओर्लिकॉन, 20 मिलिमीटरची. हिला वीज लागत नसे, आणि 'प्रिन्स ऑफ वेल्स'नंतर तो गुण सोन्याच्या मोलाचा ठरला. गोलंदाज खांद्याला पट्टा बांधून तोफेला टेकून उभा राही आणि अंगानंच ती फिरवी. पुढे एमआयटीतल्या चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी तिच्यासाठी फिरत्या भोवऱ्यांवर चालणारं नेम धरायचं साधन केलं. विमानामागे तोफ फिरवली की किती पुढे मारायचं ते आपोआप कळे. थोड्याशा शिकवणीत नवखा पोरगा कामाला लागे.

डेकखाली, इंजिनाच्या खोलीत असलेल्यांना काहीच दिसत नसे. ते कानांवर लढाई पाहत. पाच इंची तोफा धडधडू लागल्या म्हणजे विमानं लांब आहेत. त्यात बोफोर्सचा ठेका मिसळला म्हणजे जवळ आली. आणि ओर्लिकॉनचा तडतडाट सुरू झाला की हातातलं टाकून जमिनीवर पालथं पडायचं, कारण मग उरायचे काही सेकंद.

26 ऑक्टोबर 1942 ला प्रशांत महासागरातल्या सांता क्रूझच्या लढाईत या तोफांचा पहिला मोठा झटका जपानला बसला. लढाई कागदावर जपाननं जिंकली. अमेरिकेची 'हॉर्नेट' बुडाली. पण नव्या बोफोर्स घेऊन आलेल्या 'साउथ डकोटा' या युद्धनौकेनं 26 विमानं पाडल्याचा दावा केला. असे दावे नेहमी फुगलेले असतात, एकच विमान पाच जहाजं आपलं म्हणतात, तेव्हा हा आकडा मी शब्दशः घेत नाही. जपानचा स्वतःचा हिशेब मात्र खोटा म्हणता येत नाही: 99 विमानं आणि 148 वैमानिक व सहकारी त्या दिवशी परतले नाहीत. त्यांत तुकड्यांचे नायक बरेच होते. विमानं पुन्हा बांधता येतात. पाच-सहा वर्षं घडवलेला वैमानिक दोन महिन्यांत होत नाही.

आता उरला होता घड्याळी फ्यूजचा जुना रोग. मूळ कल्पना ब्रिटनची: गोळ्याच्या टोकातच एवढासा रेडिओ बसवायचा, विमानावर आपटून परत येणारी लहर त्यानं ओळखायची आणि जवळ गेल्यावर स्वतःच फुटायचं. 1940 च्या सप्टेंबरात टिझार्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञांचं शिष्टमंडळ ती अमेरिकेला घेऊन गेलं. तिथे शास्त्रज्ञ मर्ल ट्यूव्ह यांच्या हाताखाली ती उभी राहिली. अडचण अशी की तोफेतून सुटताना गोळ्यातल्या वस्तूवर गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पट जोर येतो, आणि रेडिओ तेव्हा काचेच्या नळ्यांवर चालत. बहिऱ्यांच्या कानयंत्रांतल्या बोटाएवढ्या नळ्यांपासून सुरुवात करून त्यांनी टिकतील अशा नळ्या बनवल्या. बॅटरीचं आम्ल काचेच्या कुपीत ठेवलं. तोफ उडाली की कुपी फुटायची आणि फिरणाऱ्या गोळ्यात आम्ल पसरून वीज तयार व्हायची. ज्या धक्क्याची भीती, त्याच धक्क्याला कामाला लावलं. या युद्धातल्या सगळ्या शोधांत मला ही कुपी सर्वांत हुशार वाटते.

5 जानेवारी 1943 ला ग्वाडलकॅनालजवळ 'हेलेना' या क्रूझरनं अशा गोळ्यांनी पहिलं जपानी विमान पाडलं. न फुटलेला गोळा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून जवळजवळ दोन वर्षं हे गोळे मुख्यतः समुद्रावरच वापरायची परवानगी होती. जहाजांना ते वापरायला शिकवत फिरणाऱ्या अधिकाऱ्यांत जेम्स व्हॅन ॲलन होते. पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्ट्यांना पुढे त्यांचंच नाव मिळालं.

1944 च्या मध्यापर्यंत असं दिसत होतं की तोफेनं बाजी मारली. विमान घेऊन जहाजावर जाणं म्हणजे मरण, हे जपानी वैमानिकाला कळून चुकलं होतं. आणि इथेच सगळा हिशेब फिरला. मरण नक्की असेल तर ते वसूल तरी करू, असं जपाननं ठरवलं. 25 ऑक्टोबर 1944 ला लेयटेच्या समुद्रात कामिकाझे, म्हणजे वैमानिकासकट जहाजावर मुद्दाम आदळणाऱ्या, विमानानं 'सेंट लो' ही विमानवाहू नौका बुडवली.

भूमध्य समुद्रातला तो जुना आकडा आठवा. तोफांनी विमानं पाडली नव्हती, वैमानिकाला बिचकवलं होतं. त्याला घरी जायचं होतं, म्हणून त्याचा हात हलत होता. कामिकाझेच्या वैमानिकाला घरी जायचं नव्हतं. त्याच्यापुढे जाळ उडवून काही होणार नव्हतं. घायाळ झालेलं, पेटलेलं विमानही येऊन आदळतच असे. आता विमान पाडणंही पुरेसं नव्हतं, हवेतच त्याचे तुकडे व्हायला हवे होते. 40 मिलिमीटरचा गोळा ते करू शकत नव्हता, आणि त्यात रेडिओचा फ्यूज मावत नव्हता. 20 मिलिमीटरची ओर्लिकॉन तर आता केवळ गोलंदाजाच्या मनाला आधार देण्यापुरती.

तरी तिच्यामागे माणसं उभी राहिली. 'इंट्रेपिड' या विमानवाहू नौकेवर 20 मिलिमीटरच्या दहाव्या गोल ओट्यावर काळे खलाशी होते. अमेरिकी आरमारात त्यांना तेव्हा वाढप्याचं आणि स्वयंपाक्याचंच काम मिळे. लढाईच्या वेळी मात्र त्यांनी तोफ चालवलेली चाले. 29 ऑक्टोबर 1944 ला एक विमान थेट त्यांच्यावर आलं. ते गोळ्या घालत राहिले. विमान ओट्यावर आदळलं आणि दहा जण मेले. वाचलेल्यांना नेव्ही क्रॉस कबूल करून हातात त्याहून खालचं पदक दिलं गेलं. त्यांच्यातले अलोंझो स्वॉन यांनी कोर्टात भांडून 1993 साली आपला नेव्ही क्रॉस मिळवला. एकोणपन्नास वर्षं.

ओकिनावाच्या लढाईत, एप्रिल ते जून 1945, अमेरिकी आरमाराची 36 जहाजं बुडाली, 368 जखमी झाली आणि 4,900 च्या आसपास खलाशी गेले. सर्वांत वाईट हाल विनाशिकांचे, कारण त्यांना बेटापासून पन्नासेक मैल पुढे, रडारच्या टेहळणीवर एकेकटं उभं केलं होतं. 16 एप्रिलच्या सकाळी 'लॅफी' ही विनाशिका अशाच ठाण्यावर होती. ऐंशी मिनिटांत तिच्यावर बावीस विमानं चालून आली. सहा येऊन आदळली, चार बॉम्ब लागले. सुकाणू अडकलं, मागची तोफ जळाली, जहाज गोल गोल फिरत राहिलं. जहाज सोडायचं का, असं विचारल्यावर कमांडर फ्रेडरिक बेक्टन यांनी एकही तोफ चालू असेपर्यंत नाही, असं उत्तर दिलं. 32 मेले, 71 जखमी झाले. 'लॅफी' मात्र तरंगत राहिली आणि आज अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनामध्ये संग्रहालय म्हणून उभी आहे.

त्या महिन्यांत संशोधकांनी पुन्हा आकडे मांडले. कामिकाझेच्या 365 हल्ल्यांचा अभ्यास करून त्यांनी विचारलं, जहाजानं वळावं की सरळ जावं? मोठी जहाजं वळली तर 22 टक्के हल्ले लागले, सरळ गेली तर 49. लहान जहाजांचं उलट: वळली तर 36, सरळ राहिली तर 26. कारण साधं. लहान जहाज जोरात वळलं की कलतं आणि तोफांचा नेम सुटतो. क्वांतानसमोर कललेल्या 'प्रिन्स ऑफ वेल्स'च्या तोफांचं जे झालं होतं, ते विनाशिकेचा कप्तान आपल्याच सुकाणूनं ओढवून घेत होता. आदेश निघाला: मोठ्यांनी चुकवावं, लहानांनी फार न वळता तोफांना स्थिर बैठक द्यावी. अंगावर विमान येत असताना न वळण्याचा हुकूम पाळणं किती कठीण गेलं असेल, ते पाळणाऱ्यांनाच ठाऊक.

रेडिओ-फ्यूज मावेल अशी लहानात लहान तोफ तीन इंची होती. ती झटपट, आपोआप भरली जाईल अशी बनवण्याचं काम घाईनं हाती घेतलं गेलं. ती तयार होईतो युद्ध संपलं. पुढे अमेरिकी जहाजांवरून बोफोर्स उतरल्या आणि त्यांच्या जागी तिची स्थापना झाली. इतर देशांनी मात्र बोफोर्स सोडली नाही. बेल्फास्टला 4 मार्च 1961 रोजी भारतीय नौदलात दाखल झालेली 'विक्रांत' मुळात याच युद्धासाठी 1943 मध्ये बांधायला घेतलेलं ब्रिटिश जहाज, आणि तिच्यावर त्याच 40 मिलिमीटरच्या सोळा बोफोर्स होत्या. 2001 ते 2012 ती मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहायला खुली होती. 2014 साली ती भंगारात निघाली.